चालू वाचन

सत्तावीस वर्षं मी पाण्याची मीटरं वाचली.
जिन्याखाली वाकायचं, शेवाळलेली काच अंगठ्यानं पुसायची,
वहीत दोन रकाने: मागील वाचन, चालू वाचन.
घर बंद असलं तर शेरा: कुलूप.

निवृत्त झालो तरी वाकायची खोड जाईना
म्हणून लेकीनं हातात दुर्बीण दिली.

नेरुळला, करावे गावाच्या पाठीमागं,
टॉवर संपतात आणि तिवरं सुरू होतात
तिथलं खाजण दर रविवारी वाचायचं.
शेकाट्या साठ.
थापट्या बावीस, फावडी घेऊन कामावर आल्यासारखे.
तुतारी मोजून होत नाहीत, शेजारच्या निहालच्या मते दोनशे.
रोहित आले की मोजणी मोडते,
आम्ही दोघं नुसते बघत राहतो.

त्या वर्षी मार्गशीर्षात रस्ता रुंद झाला
आणि खाजणात पाणी यायचं थांबलं.
माघात तळाला पापुद्रे सुटले.
एक पाणटिवळा तेवढा उरला होता,
पायात पिवळं कडं,
कुठल्या मुलखात, कुणी घातलेलं, कोण जाणे.
लांबलचक चोच त्यानं चिखलात टोचली. टणक लागलं.
जरा सरकून पुन्हा टोचली.
पुढच्या रविवारी तोही नव्हता.
मी वहीत लिहिलं: कुलूप.

अर्ज केले सतरा, पोच सोळांची.
साहेब म्हणाले, नकाशात हा मोकळा भूखंड आहे.
म्हटलं, साहेब, मीटर बंद पडलं
म्हणून पाणी वापरलंच नाही,
असं आपल्या खात्यानं कधी मानलंय?
हसले. चहा पाजला.
महिन्यानं कागद आला:
गाळ काढण्यास हरकत नाही, स्वखर्चाने व स्वजबाबदारीवर.

पण काढायचा कुठला? तोंड कुणालाच सापडेना.
तेव्हा बामीबाय तांडेल आली,
लुगडं खोचून चिखलात उतरली
आणि पायानं चाचपत चालू लागली,
अंधारात घरातली चप्पल शोधावी तशी.
“हितं. माझा सासरा हितं उघाडी राखायचा.”
कुणीतरी म्हणालं, मावशी, पक्ष्यांसाठी किती करता!
“पाखरांसाठी कोन आलाय?
निवट्या गेल्यान माझ्या, चिंबोऱ्या गेल्यान.
पान्याला वाट ठावी हाय. तुमी फकस्त आरवं येव नका.”

तीन रविवार उपसलं.
दातांचे डॉक्टर लोबो, बी विंगचा वॉचमन रामसजीवन,
नववीची सहा पोरं, त्यातली दोन नुसती फोटोपुरती.
पाइपातून निघालं ते असं:
सिमेंटच्या गोण्या, थर्माकोलचं मखर,
एक सोफ्याची उशी,
लग्नातला हार, अजून जरीची चमक असलेला,
आणि कुणाचं तरी पाण्याचं मीटर.
त्यावरचा आकडा मी सवयीनं वाचला.

फाल्गुनी अमावस्येचं उधाण. रात्री पाऊण वाजता
बॅटऱ्या घेऊन बांधावर बसलो.
डास असे, की लोबो इंग्रजीतून शिव्या देऊ लागले.
आधी वास आला, मग बुडबुडे,
मग पाइपानं एक लांब ढेकर दिली
आणि काळं पाणी आलं,
न विचारता, चपला न काढता,
आपल्याच घरात शिरावं तसं.
कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.
बामीबायनं पाण्याला हात लावला, कपाळाला लावला,
“चला, माझी पाटी भरायची हाय पहाटे.”

पक्षी लगेच आले नाहीत.
चौदा दिवस मी कोरं वाचन लिहिलं.
पंधराव्या दिवशी चार शेकाट्या,
चैत्र लागता लागता रोहित उतरले,
निहाल म्हणे तीनशे बारा,
बामीबाय दोन्ही हात पसरून म्हणे, “येवरं.”
मी “येवरं” लिहिलं.

कडंवाला पाणटिवळा दिसला नाही.
त्याच्यासाठी एक ओळ रिकामी ठेवलीय, उगाच.

दर उधाणाआधी पाइपाचं तोंड मोकळं करावं लागतं.
पाळ्यांचा कागद वॉचमनच्या केबिनला चिकटवलाय.
आज लोबोंची पाळी, फोन उचलत नाहीत.
अष्टमी उलटून गेली, भांग सरत आला,
पाणी पुन्हा चढेल.
बामीबाय खालून हाक मारतेय.
फावडं कुठं ठेवलं, ते आठवत उठतो.